घरचे विद्यार्थी, बाहेरचे विद्यार्थी : अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांचे दोन दरवाजे

अमेरिकेतील शिक्षणाचे आकर्षण आपल्या तरुणांना नवे नाही. २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षात तेथे ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते व परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. ह्यांतील बहुसंख्य पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात. परंतु बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणाऱ्यांची, तसेच तेथेच वाढलेल्या आपल्या आप्तांच्या मुलांचीही संख्या लहान नाही. अशा घरांतून विद्यापीठांची यादी करताना दोन आकडे हटकून पुढे येतात : शंभर अर्जांपैकी किती स्वीकारले जातात हा प्रवेशाचा दर, आणि वर्षाचे शुल्क. खासगी विद्यापीठांत हे आकडे अमेरिकेच्या कोणत्याही राज्यातील विद्यार्थ्याला साधारणतः सारखेच लागू पडतात. सार्वजनिक विद्यापीठांत मात्र दोन्ही आकडे दुहेरी असतात. एक घरच्यांसाठी, म्हणजे त्या राज्याच्या रहिवाशांसाठी, दुसरा बाहेरच्यांसाठी. परदेशी विद्यार्थी हा नेहमी बाहेरचाच धरला जातो.

भेद कशासाठी?

अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठे केंद्र सरकारची नसून राज्यांची आहेत. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या, त्यांच्या उत्पन्नातून शेतकी व यांत्रिकी शिक्षणाची महाविद्यालये उभी राहिली आणि पुढे राज्यांनी कररूपाने त्यांचा संसार चालविला. ज्यांच्या करातून विद्यापीठ चालते त्यांच्या मुलांना ते स्वस्तात मिळावे, हे ह्या व्यवस्थेमागील सूत्र होय. सर्वोच्च न्यायालयानेही शुल्कातील हा भेद मोडीत काढलेला नाही. १९७३ मधील व्लांडिस खटल्यात न्यायालयाने एवढेच म्हटले की, खरोखर रहिवासी झालेल्या विद्यार्थ्याला ते सिद्ध करण्याची संधी नाकारता येणार नाही.

एका दरात दडलेले दोन दर

नॉर्थ कॅरोलायना राज्याचे चॅपल हिल येथील विद्यापीठ हे ह्याचे बोलके उदाहरण आहे. तेथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत बाहेरच्यांचे प्रमाण १८ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा नियम १९८६ पासून आहे. अर्ज मात्र बाहेरूनच अधिक येतात. परिणामी अलीकडच्या वर्षांत राज्यातील शंभर अर्जदारांपैकी चाळीसच्या आसपास, तर बाहेरील शंभरांपैकी दहाच्या आसपास विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ केला जातो.

केवळ समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू. राज्यातून १५ हजार अर्ज आले व ६ हजार स्वीकारले गेले. बाहेरून ४५ हजार आले व साडेचार हजार स्वीकारले गेले. एकूण ६० हजारांपैकी साडेदहा हजार, म्हणजे साडेसतरा टक्के. क्रमवारीच्या तक्त्यात हाच आकडा छापला जाईल. पण तो ना घरच्या मुलाचा आहे, ना बाहेरच्या. घरचा मुलगा त्यामुळे विनाकारण धास्तावतो आणि बाहेरच्याला खोटी आशा लागते.

टेक्सासमध्ये हा भेद कायद्यानेच घट्ट केला आहे. १९९७ च्या कायद्यान्वये राज्यातील शाळांमधून वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्यांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळू लागला. ऑस्टिन येथील विद्यापीठात गर्दी एवढी वाढली की, तेथे ही मर्यादा पुढे सहा टक्क्यांवर आणि २०२६ च्या प्रवेशांसाठी पाच टक्क्यांवर आणावी लागली. त्या विद्यापीठातील किमान नव्वद टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांसाठी आहेत. उरलेल्या मूठभर जागांसाठी बाकीची सर्व राज्ये व सारे जग स्पर्धेत उतरते.

अवघड म्हणजे महाग नव्हे

प्रवेश जितका अवघड तितके शुल्क अधिक, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ह्या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या नाहीत. २०२४-२५ मध्ये चॅपल हिल येथे राज्यातील विद्यार्थ्याला शिकवणी व इतर शुल्क मिळून वर्षाला सुमारे ९ हजार डॉलर पडत, तर बाहेरच्याला सुमारे ४५ हजार. म्हणजे चार वर्षांत १ लाख ४४ हजार डॉलरचा फरक. डॉलरला ८५ रुपये धरले, तरी हा फरक सव्वा कोटीच्या घरात जातो. राहण्याजेवण्याचा खर्च ह्याहून वेगळा.

मिशिगन विद्यापीठात बाहेरच्यांवर अशी मर्यादा नाही व ॲन आर्बर येथील पदवीच्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ आहे. दार अधिक उघडे, पण त्याच वर्षी बाहेरच्याला नुसते शुल्कच सुमारे ६० हजार डॉलर होते. अलाबामा विद्यापीठाची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे अर्ज करणाऱ्या चारांपैकी किमान तिघांना प्रवेश मिळतो, निम्म्याहून अधिक विद्यार्थी बाहेरचे आहेत, आणि परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्याला शुल्कात मोठी सूट मिळते. ज्याला चॅपल हिलने नाकारले त्याला अलाबामा सवलत देऊन बोलावू शकते. दोन्ही सार्वजनिक विद्यापीठेच, परंतु बाहेरच्या विद्यार्थ्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी निराळी.

कॅलिफोर्नियाचा वाद

ह्या दृष्टीमागे अर्थकारण आहे. २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी विद्यापीठांचे अनुदान कमी केले. ती तूट भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे पूर्ण शुल्क देणारे बाहेरचे विद्यार्थी. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तो मोठ्या प्रमाणावर अवलंबिला. २०१६ साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी ठपका ठेवला की, ह्या धोरणामुळे राज्यातील मुलांचे नुकसान झाले. २०१७ मध्ये विद्यापीठाने बहुतेक शाखांत बाहेरच्यांसाठी १८ टक्क्यांची मर्यादा घातली. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो येथील अधिक प्रमाणही तेथवर खाली आणण्याचे काम २०२२ पासून सुरू झाले.

त्याच वेळी बाहेरच्यांवरचा अधिभारही वाढत गेला. २०२५ मध्ये नव्याने दाखल होणाऱ्यांसाठी तो वर्षाला ३७,६०२ डॉलर ठरला, आणि तोही सर्वांना लागू असलेल्या सुमारे १५ हजार डॉलर शुल्काच्या वर. विद्यापीठाची मर्यादित साधने आधी कोणासाठी, हा येथील मूळ प्रश्न आहे. करदात्याच्या मुलाची जागा जाऊ नये हे जितके रास्त, तितकेच हेही खरे की बाहेरच्याच्या पैशावर घरच्या मुलाच्या शिक्षणाचा काही भाग चालतो.

रहिवासी कोण?

तेथे जाऊन वर्षभर राहिले की रहिवासी होता येते, असे ऐकिवात असते. ते खरे नाही. बहुतेक राज्यांत किमान बारा महिन्यांचे वास्तव्य लागते. शिवाय ते केवळ शिक्षणासाठी नसावे अशी अट असते. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचे राज्य सामान्यतः आईवडिलांचेच मानले जाते. विद्यार्थी व्हिसावर गेलेला मुलगा चार वर्षे तेथे राहिला, तरी शुल्काच्या दृष्टीने बाहेरचाच राहतो. नोकरीच्या व्हिसावर तेथे असलेल्या आपल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या मुलांना अनेक राज्यांत रहिवाशाचा दर मिळू शकतो, परंतु वयाची एकवीस वर्षे पूर्ण होताच आईवडिलांच्या व्हिसावरील त्यांचा आधार संपतो आणि त्याबरोबर तो दरही धोक्यात येतो.

काही राज्यांनी आपसांत सवलतीचे करार केले आहेत. पश्चिमेकडील राज्यांच्या योजनेत सहभागी विद्यापीठे शेजारील राज्याच्या विद्यार्थ्याकडून रहिवासी दराच्या दीडपटीहून अधिक शिकवणी शुल्क घेत नाहीत. मिनेसोटा व विस्कॉन्सिन ह्यांच्यातही असा करार आहे.

पालकांनी काय पाहावे?

प्रथम, प्रवेशाचा दर निवासानुसार वेगळा काढून पाहावा; अनेक विद्यापीठे तो आपल्या वार्षिक माहितीपत्रकात देतात. दुसरे, अमेरिकन शासनाच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ ह्या संकेतस्थळावर सार्वजनिक विद्यापीठांचा जो सरासरी निव्वळ खर्च दिसतो तो केवळ राज्यातील विद्यार्थ्यांचा असतो. बाहेरच्याने त्यावर विसंबू नये. तिसरे, आर्थिक मदतीचे नियम नीट वाचावेत. चॅपल हिल बाहेरच्या राज्यांतील गरजू अमेरिकन विद्यार्थ्यांनाही भरीव साहाय्य करते, तर मिशिगनची मोफत शिकवणीची हमी राज्यातील कुटुंबांपुरतीच आहे. परदेशी विद्यार्थ्याला केंद्र सरकारची मदत मिळत नाही व गरजेवर आधारलेली विद्यापीठाची मदतही क्वचितच मिळते.

घर गहाण ठेवून किंवा निवृत्तीची पुंजी मोडून मुलांना पाठविणारे पालक आपल्या परिचयात असतात. विद्यापीठाचे नाव किती मोठे, ह्याआधी त्याच्या कोणत्या दरवाजासमोर आपले मूल उभे आहे, हे त्यांनी पाहून घ्यावे. कर्जाचा हप्ता त्या दरवाजावरून ठरतो, आणि तो फेडण्याची जबाबदारी पुढे मुलावरच येते.