मिथुनेच्या उल्का पाहायच्या तर

उल्कावर्षाव पाहायला काहीही विकत घ्यावे लागत नाही. दुर्बीण तर उलट अडचणच करते. तिच्यातून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो आणि उल्का नेमकी भलतीकडून जाते. लागते ती अंधारी जागा, सतरंजी आणि मध्यरात्रीनंतर जागण्याची तयारी. एवढे जमत असेल तर २०२६चा डिसेंबर आपल्या सोयीचा आहे.

आधी तारीख ठरवू. मिथुन उल्कावर्षाव दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या आसपास भरात येतो. यंदा रविवार १३ आणि सोमवार १४, अशा दोन्ही रात्री राखून ठेवाव्यात. ९ तारखेला अमावास्या असल्यामुळे १३ला चंद्रकोर दहाच्या सुमारास मावळेल, १४ला पाऊणएक तास उशिरा. त्यानंतर पहाटेपर्यंत काळोख आपलाच. हाच वर्षाव पौर्णिमेजवळ आला, तर फिकट उल्का चांदण्यात दिसतच नाहीत.

आता हे घडते कसे? आपल्या वाटेवर पृथ्वी दरवर्षी याच सुमारास धुळीच्या एका पट्ट्यातून जाते. धुळीचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर जळतात. ती जळती रेघ म्हणजे उल्का. तारा वगैरे काही तुटत नाही. ऑगस्टमधल्या ययाती उल्का याहून कितीतरी वेगवान असतात. मिथुनेच्या त्या मानाने संथ, त्यामुळे शेजाऱ्याला ‘ती बघा’ म्हणायला कधीकधी सवड मिळते.

बहुतेक वर्षावांची धूळ धूमकेतूंनी सांडलेली असते. हिचा धनी मात्र फेथॉन नावाचा लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा खडकाळ गोळा. तो १९८३ साली आयआरएएस या उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडला. कोरड्या खडकातून एवढी धूळ सुटली कशी, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. मला तर या वर्षावातली हीच सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते.

जागा शोधताना गावापासून किती लांब आलो यापेक्षा दिवे किती मागे राहिले ते पाहावे. हायवेवरचा एखादा ढाबा सगळे आकाश धुऊन टाकतो. आधी एकदा संध्याकाळी जाऊन जागा बघून यावी, शेत कुणाचे असेल तर मालकाला विचारावे, आणि एकट्याने जाऊ नये. पहिलीच वेळ असेल तर खगोलप्रेमींच्या संस्थांबरोबर जाणे उत्तम. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हे काम करते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत.

दिशा ओळखायला मृग नक्षत्र पुरते. ओळीत बसलेले तीन तारे, म्हणजे हरणाच्या पोटातला बाण, बहुतेकांना ओळखता येतो. बाणाच्या एका बाजूला तांबूस काक्षी आणि दुसऱ्या बाजूला निळसर पांढरा राजन्य. राजन्याकडून काक्षीकडे रेघ ओढून तशीच पुढे नेली की आपण मिथुन राशीत पोहोचतो. तिथले दोन ठळक जोडतारे म्हणजे पुनर्वसू. त्यांतल्या कॅस्टरजवळून सगळ्या उल्का फुटल्यासारख्या वाटतात. या जागेला उद्गमबिंदू म्हणतात. खरे तर कण एकमेकांना समांतर येत असतात. रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे दिसतात, तसाच हा भास.

इथेच बरेच जण चुकतात. बिंदू सापडला की त्याच्याकडेच टक लावून बसतात. तिथल्या उल्का आपल्या रोखाने येत असल्यामुळे आखूड दिसतात. लांब, देखण्या रेघा दिसतात त्या बिंदूपासून दूर. म्हणून पाठीवर आडवे व्हावे आणि नजर सैल सोडून जास्तीत जास्त आकाश डोळ्यांत घ्यावे. मान वर करून उभे राहिलात तर अर्ध्या तासात घरी जावेसे वाटेल.

दुसरी चूक घाईची. उद्गमबिंदू महाराष्ट्रातून आठच्या सुमारास उगवतो, पण दोन-अडीचच्या सुमारास बराच वर, जवळपास डोक्यावर येतो. तो जितका वर, तितक्या उल्का जास्त. जेवण करून नऊला गच्चीवर जाऊन दहाला ‘काही दिसत नाही’ म्हणून खाली येणारे नेमके भर येण्याआधीच परततात.

बातम्यांतला ‘तासाला १५०’ हा आकडाही नीट समजून घ्यावा. पूर्ण अंधारे, निरभ्र आकाश आणि अगदी डोक्यावरचा बिंदू धरून काढलेला तो हिशेब आहे. प्रत्यक्षात गावाबाहेरच्या चांगल्या अंधारातही त्याहून कमीच दिसतात. शहरातल्या गच्चीवरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दिसल्या तरी नशीब म्हणावे. शिवाय त्या ठराविक अंतराने येत नाहीत. दहा मिनिटे काहीच नाही, मग लागोपाठ तीन.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ते सगळे पहिल्यापासून. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद बांधावा. डिसेंबरची थंडी म्हणून शेकोटी पेटवण्याचा मोह होतो. तो आवरावा, तिचा उजेड मोबाइलपेक्षा वाईट. त्याऐवजी कानटोपी, जाड घोंगडी आणि थर्मासमध्ये चहा. दव पडते, म्हणून सतरंजीखाली प्लास्टिक हवेच.

मध्यरात्रीनंतर पूर्वेला सिंह राशीत गुरू आणि तांबूस मंगळ वर आलेले दिसतील, पहाटे शुक्र. हे ग्रह आहेत, थबकलेल्या उल्का नव्हेत. असे विचारणारा प्रत्येक गटात एक तरी असतोच.

मोजणी करायची असेल तर फार सोपी आहे. दर पंधरा मिनिटांनी कागदावर वेळ लिहावी आणि दिसलेल्या प्रत्येक उल्केची एक रेघ मारावी. तिची वाट मनातल्या मनात मागे ओढून पाहावी. ती कॅस्टरजवळ पोहोचली तर मिथुनेची, नाहीतर इतर. आकाशाचा किती भाग ढगांनी झाकला आहे आणि अंधुकातला अंधुक तारा कोणता दिसतो, हेही टिपावे. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना गोळा करते, आणि वर्षाव कधी किती भरात होता याचा आलेख त्यांतूनच तयार होतो.