आईची साक्ष



१९ व्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांत प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट मंडळीत पुष्कळ शेतमजूर होते. एखादी विश्वासू माता प्रभूमध्ये निजली, की चॅपेलमध्ये तिच्या स्मरणार्थ उपदेश होई. तारणाचा अनुभव तिला कसा आला, मुलांना तिने प्रार्थना कशी शिकवली, शेवटच्या घटकेला ती काय बोलली, हे लिहून मंडळीच्या मासिकाकडे पाठवीत. कबरेवर दगड बसवण्याची ऐपत अनेकांना नसे. पण छापील चार ओळींत तिचे नाव राही. दर तिमाहीला मिळालेली वर्गसभेची तिकिटेही काही घरांनी जपली.

माझी आई प्रभूघरी गेली, तेव्हा आम्ही काहीच लिहिले नाही. आज तिचे शेवटचे शब्द आम्हा भावंडांना वेगवेगळे आठवतात. म्हणून विनंती, तुमच्या आईची साक्ष ती असतानाच लिहून ठेवा.