आता मोठी झाली, खेळ पुरे?



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, चहा आला, आणि एक वहिनी सहज म्हणाल्या, "पोरीचा खो-खो बंद केला. आठवीत गेली, आता मोठी झाली." कुणीच काही बोललं नाही. मीही गप्प बसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज त्यावरच बोलते.

आपण बसलोय माधवनगरात. स्मृती मानधना दोन वर्षांची असताना तिचं कुटुंब इथं राहायला आलं आणि तिची शाळा इथंच झाली. भावाचा सराव बघत बघत तिनं बॅट धरली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात गेली. २०१३ साली वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत २२४ धावा काढल्या, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या संघाची ती उपकर्णधार. पण तिच्या घरात क्रिकेट आधीपासून होतं. वडील जिल्ह्याकडून खेळलेले, भाऊही खेळाडू. आपल्यातल्या बहुतेकींच्या घरी असं नसतं, हेही खरं.

म्हणून दुसरी दोन घरं सांगते. सांगलीत सरगर कुटुंबाची पानाची टपरी. त्या घरच्या काजोलनं जून २०२२ मध्ये पंचकुला इथं खेलो इंडिया स्पर्धेत ४० किलो गटात वजन उचलून सुवर्णपदक आणलं. पुढच्याच महिन्यात तिचा भाऊ संकेत राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला. आणि माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, शेतकऱ्याची मुलगी. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर धावायची तिची शर्यत. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. पी. टी. उषा १९८४ साली पोचल्या होत्या, त्यानंतर धावण्याच्या शर्यतीत तिथवर गेलेली ही पहिलीच भारतीय बाई. पुढे शासनानं तिला उपजिल्हाधिकारी म्हणून नेमलं.

"पण यातून मिळतं काय?" हा प्रश्न येतोच, आणि तो वाईट नाही. २०२२ पासून भारतीय संघातल्या मुलींना सामन्याचं मानधन पुरुषांइतकंच मिळतं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेन्टीला ३ लाख. तिथवर फार थोड्या मुली पोचतात. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. मात्र गल्लीतल्या प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र चालत नाही. कुठलं चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारा. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा मूळ कागद डब्यात जपून ठेवा. रेशनकार्डाशेजारी ठेवला तरी चालेल!

तब्येतीचं थोडक्यात सांगते. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. मुलगी लवकर दमते, चक्कर येते, म्हणून आपण खेळ थांबवतो. खरं तर रक्त तपासून घ्यावं, शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी तिनं जेवणानंतर घेतली का ते बघावं. हाडं मजबूत व्हायचा काळ साधारण विशीपर्यंतचा. त्या वयात पळणं-उड्या मारणं पुढं म्हातारपणी उपयोगी पडतं. मुलामुलींनी रोज तासभर तरी अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि पाळीत खेळलं तर काही बिघडत नाही. फार दुखत असेल, फार जात असेल तर डॉक्टरांना दाखवावं, एरवी तिला जमेल तेवढं खेळू द्यावं.

आता खरी गोष्ट. त्या वहिनींना नंतर एकटीनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "खेळाचं काही नाही गं. बाहेरगावी शिबिराला नेतात, रात्री राहतात. कोण बघणार?" ही भीती खोटी नाही. तिला हसून उडवू नये. पण तिच्यासाठी कायदा आहे, तो आपल्याला माहीत नसतो.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायकांसाठी नाही. खेळाचं मैदान, क्रीडा संकुल, प्रशिक्षण शिबिर, स्पर्धेची जागा, सगळं त्यात नावानिशी आलं आहे. तक्रार करणारी तिथं नोकरीला असायला हवी असंही नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान क्लब असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देते.

मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. मग कळलेली गोष्ट पोलिसांना सांगणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. "आपसांत मिटवू" म्हणून दाबणारा शिक्षक किंवा संस्थाचालकही गुन्हेगार ठरू शकतो. जबाब घ्यायला पोलीस मुलीच्या घरी येतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. नाव छापायला मनाई आहे. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर तुमच्या आणि मुलीच्या वहीत लिहून ठेवा.

आणि शिबिराला पाठवण्याआधी तोंड उघडून विचारा. सोबत बाई शिक्षिका आहे का? मुलींची झोपायची सोय वेगळी आहे का? तक्रार समितीत कोण कोण आहे? रात्री मुलीशी फोनवर बोलता येईल का? एकटीनं विचारायला संकोच वाटतो. चार जणी मिळून गेलात तर उत्तर मिळतं.

आम्ही तशाच गेलो, वहिनी आणि आम्ही तिघी. दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळाली, समितीचा कागद मात्र "पुढच्या आठवड्यात दाखवतो" असं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, कागद बघितल्यावर शिबिराचं ठरवू. तोवर पोरगी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर खो-खो खेळायला परत जायला लागली आहे.