‘कनेक्शन खाजगी नाही’ असं आलं तर आधी तारीख बघा

सुट्टीनंतर शाळेचा संगणक सुरू केला की कधी कधी प्रत्येक साइटवर लाल त्रिकोण आणि ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं येतं. राउटर बंद-चालू करत बसू नका. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग चांगलं प्रमाणपत्रही ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ठरतं. तारीख-वेळ दुरुस्त करा आणि सेल बदला (नाण्याएवढा असतो, स्वस्तात मिळतो).

तारीख बरोबर असूनही एकाच साइटवर सूचना येत असेल, तर बहुधा त्या साइटच्याच प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. तिथे ‘तरीही पुढे जा’ दाबून मुलांची माहिती किंवा पासवर्ड भरू नका, शेवटची तारीख कितीही जवळ आली असली तरी.