रंगाचा बेरंग

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला पोहोचलेल्या माणसाला काच पुसायला शिकवावी लागत नाही, असा माझा ठाम समज होता. मामाच्या गाडीने तो एका सकाळीत मोडीत काढला.

झालं असं, की आमच्या ग्रुपच्या गो-कार्टची फ्रेम वेल्डिंग होऊन तयार होती. वर्कशॉपमध्ये रंगवायची तर अर्ज, सही, शिक्का! म्हणून फ्रेम नेली मामाच्या अंगणात. कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन भाड्याने आणली आणि संध्याकाळी काळा ऑइल पेंट मारून मोकळे झालो. मामाची पांढरी गाडी वीस फुटांवर उभी होती. 'एवढ्या लांब काय उडतंय!' हे माझं त्या दिवशीचं अजरामर वाक्य.

सकाळी काचेवर हात फिरवला, तर बारीक रवा सांडल्यासारखं खरखरीत लागलं. पुढची काच, बाजूच्या काचा, दोन्ही आरसे, सगळीकडे काळे ठिपके. ही गाडी म्हणजे मामाचं पोट. त्याच रात्री त्याला पुण्याहून मुंबई एअरपोर्टचं भाडं होतं. मामा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "अरे, घाटात समोरून लाईट पडला की मला काय दिसणार?" ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याचं म्हणणं खरं होतं. दिवसा नुसते ठिपके दिसतात, पण रात्री समोरचा प्रकाश प्रत्येक ठिपक्यावर विखुरतो आणि अख्खी काच धुरकट होते. काचेवर ओरखडे पडले तर तेही हेच करतात, आणि ते तर कायमचे.

आता रंग वीस फूट गेला कसा? स्टोक्सचा नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतो. १० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे एक मीटर खाली यायला त्याला पाच मिनिटांहून जास्त लागतात. तेवढ्यात नुसती झुळूक आली तरी तो शेजारच्या गल्लीत! वाटेत थिनर उडून जातं आणि थेंब चिकट होऊन जिथे टेकतो तिथे बसतो.

घाबरून मी स्वयंपाकघरातली तारेची घासणी उचलली आणि डाव्या आरशावर दोन हात मारले. ठिपके गेले, सोबत आरशाची चकाकीही गेली. मग मात्र मुकाट्याने नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींना बोलावून आणलं.

मिस्त्रींनी आधी खिशातलं पेन काढून आरशाला टोक टेकवलं. "बघ, टोक आणि त्याचं प्रतिबिंब चिकटलंय. म्हणजे मुलामा पुढच्या बाजूला आहे. घरच्या आरशात मध्ये फट दिसते, कारण तिथे मुलामा काचेच्या मागे असतो." गाडीच्या बाहेरच्या बऱ्याच आरशांना असा पुढून क्रोमचा अतिशय पातळ थर असतो. मी काच घासतोय असं समजून तो थरच खरवडला होता!

मग त्यांनी जे शिकवलं ते क्रमाने सांगतो. सूत्र एकच: सौम्य उपाय आधी, कडक उपाय शेवटी.

१) गाडी सावलीत घ्या आणि काच गार होऊ द्या. भरपूर पाण्याने आधी धूळ घालवा. काचेचा कठीणपणा मोह्‌ज स्केलवर साधारण साडेपाच, तर वाळूतल्या क्वार्ट्झचा ७. म्हणजे ओरखडे फडक्याने पडत नाहीत, फडक्याखालच्या धुळीने पडतात. वायपरचं रबरही पुसून घ्या.

२) शाम्पूच्या पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं दहा मिनिटं काचेवर ठेवा. मग नखाने किंवा प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने हळूच खरवडून बघा. ताजा रंग बराचसा इथेच निघतो.

३) उरलेल्यावर क्ले बार. ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतो, दिसतो लहान मुलांच्या मातीसारखा. काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवून तो हलक्या हाताने फिरवायचा. वर आलेले कण तो उचलून घेतो. मळला की घडी घालून आतली बाजू वापरायची. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा.

४) तरीही हटलं नाही तर थिनर, पण फडक्यावर, काचेवर ओतायचं नाही. आधी रबर आणि बॉडीच्या कडा मास्किंग टेपने झाका. थिनरने बॉडीचा रंग जातो, आणि प्लॅस्टिकच्या हेडलाईटला बारीक तडे जातात. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा, जवळपास बिडी-सिगारेट नको. ऑइल पेंट ताजा असेल तर टर्पेंटाइननेही निघतो. गाड्यांना मारतात तो हार्डनरवाला टू-के रंग मात्र एकदा पक्का झाला की थिनरला दाद देत नाही, कारण त्याच्या रेणूंचं जाळं विणलं गेलेलं असतं.

५) सगळ्यात शेवटी पातं, आणि तेही फक्त पुढच्या काचेवर. पातं नवं कोरं, होल्डरमध्ये बसवलेलं, साधारण ३० अंशात, काच साबणाने चिंब. एकाच दिशेने ढकलायचं, परत येताना उचलायचं. बाजूच्या काचा टफन्ड असतात. त्या तापवून बनवताना पृष्ठभागावर काचेचे सूक्ष्म कण चिकटून राहू शकतात. पात्याने ते सुटले की काचेवर फरफटत लांब ओरखडा काढतात. मागच्या काचेच्या आतल्या डिफॉगरच्या रेघांनाही पातं लावू नका.

आणि आरसा? त्याला पातं नाही, घासणी नाही, पावडर नाही. साबणाचं पाणी, क्ले बार आणि फारच झालं तर मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. द्रव कडेने मागे झिरपू द्यायचा नाही, नाहीतर कडा काळ्या पडतात.

पाच तास लागले. पात्याची गरज फक्त सात-आठ ठिपक्यांना पडली. उजवा आरसा वाचला. डाव्याची काच संध्याकाळी बदलून आणली, अर्थातच माझ्या खर्चाने. अंधार पडल्यावर मिस्त्रींनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि समोरून आपल्या स्कूटरचा लाईट मारला. काच स्वच्छ होती. तेव्हा कुठे मामाने माझ्या हातातून किल्ली घेतली.

पहाटे त्याचा फोन आला, "पोचलो रे. तुझी ती फ्रेम आता कुठे रंगवणार?"

दुसरा हात आम्ही वर्कशॉपमध्येच मारला, अर्ज, सही आणि शिक्क्यासकट!