अकरा गांडुळांचा हिशेब

आमच्या घरी डीडीटी मारायला माणसं आली की आजी आधी देव बाहेर काढायची, मग पिठाचा डबा, मग आम्हा पोरांना. डास किती मरायचे कोण जाणे. पण खाटेतले ढेकूण मरायचे, म्हणून आजी खूश. मेलेले ढेकूण झाडून अंगणात टाकले की काम झालं. त्या पावडरीचा कुणालाच राग नव्हता. तिचा कीटक मारण्याचा गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना तर १९४८ साली नोबेल मिळालं होतं.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागले. अन्नसाखळीचा धडा आला, की गवत-नाकतोडा-बेडूक बाजूला ठेवून मुलांना अमेरिकेतल्या मिशिगनची गोष्ट सांगायचे. तिथल्या विद्यापीठाच्या आवारातल्या एल्म झाडांना रोग लागू नये, म्हणून १९५४ पासून त्यांच्यावर डीडीटी फवारलं. पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली. सगळीच गांडुळं मेली नाहीत, जगलेल्यांच्या अंगात मात्र विष साठलं. वसंतात रॉबिन पक्षी आले, गांडुळं टिपू लागले आणि तडफडून मरू लागले. मोठी अकरा गांडुळं एका रॉबिनचा जीव घ्यायला पुरेशी, आणि तेवढी तर तो दहा-बारा मिनिटांत फस्त करतो.

"पण बाई, पक्ष्यांवर कुणी मारलंच नव्हतं ना?" वर्गातून दरवर्षी हा प्रश्न यायचा. मी त्याचीच वाट बघत असे.

हा हिशेब रॅचेल कार्सन यांनी घरोघरी पोहोचवला. बाई मूळच्या सागरी जीवशास्त्राच्या, समुद्रावर लिहून नावारूपाला आलेल्या. १९५८ मध्ये एका मैत्रिणीचं पत्र आलं: डासांसाठी विमानातून फवारणी झाली आणि पाखरं मेली. त्यानंतर चार वर्षं खपून त्यांनी 'सायलेंट स्प्रिंग' लिहिलं. १९६२ च्या जूनमध्ये ते 'न्यूयॉर्कर'मध्ये क्रमशः आलं, सप्टेंबरात पुस्तक निघालं. शेवटी संदर्भांची तब्बल ५५ पानं! रसायन उद्योग तुटून पडला. खरं तर औषधं कधी वापरूच नका, असं बाईंनी म्हटलंच नव्हतं. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वैज्ञानिक समितीचा अहवाल १९६३ मध्ये आला, तोही बाईंच्या म्हणण्याला पुष्टी देणारा. त्या वेळी त्यांना स्तनाचा कर्करोग होता, पण त्यांनी बाहेर कळू दिलं नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

निसर्ग वाचवायचा म्हणजे दूरचं जंगल वाचवायचं, ही समजूत मात्र त्यांनी मोडली. आता प्रश्न अंगणातला, ताटातला झाला. १९७० मध्ये पहिला वसुंधरा दिन झाला, त्याच वर्षी अमेरिकेत पर्यावरणासाठी वेगळी सरकारी संस्था आली. तिनं १९७२ मध्ये शेतीतलं डीडीटी जवळजवळ बंदच केलं.

एकदा आजीचे ढेकूण वर्गात सांगितले. मागच्या बाकावरची मुलगी उठली, "बाई, तुमच्याकडे कोंबड्या होत्या?"

होत्या. फळ्यावर लिहिलं: ढेकूण, कोंबडी, अंडी. पुढचं लिहायला खडू तिच्या हातात दिला. तिनं लिहिलं, 'बाई'.