चार चिंचोके आणि घरभर गोंधळ



भातलावणी उरकते, पावसाची झड लागते आणि घरात अडकलेली पोरं आईचं डोकं खातात. तुमच्याकडेही हेच असणार. अशाच एका दुपारी आम्ही सापशिडी मांडली. खेळायला मी, माझ्या सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. शिवाय एक कोंबडी. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण पटावरच्या सोंगट्या तिला दाणे वाटत होते.

चिरंजीव अठ्ठ्याण्णववर पोचले आणि थेट सापाच्या तोंडात गेले. खाली उतरायला तयारच नाहीत. "हा साप झोपलाय," म्हणाले आणि सापाच्या तोंडावर अंगठा दाबून बसले. बहीण ओरडली, "मघाशी मला गिळलं तेव्हा बरा जागा होता!" मग ढकलाढकली झाली, पट उलटला आणि फासा चुलीच्या राखेत गेला. मीही चिडले आणि बोलून गेले, "खोटारडा आहेस तू."

गोंधळ पाच मिनिटांत मिटला, पण तो शब्द मिटला नाही. पुढे कितीतरी दिवस पट काढला की तो कोपऱ्यात जाऊन बसायचा. म्हणायचा, "मी खोटारडा आहे, मी नाही खेळत."

सापशिडी मुळात आपल्या देशातलीच. जुन्या मोक्षपटावर शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. इंग्रजांनी तो खेळ विलायतेला नेला. त्या जुन्या पटावर क्रोधाचाही साप असे. त्या दुपारी तो मलाच चावला.

चार वर्षांचं मूल लबाडी करतं असं आपल्याला वाटतं, पण ती आपल्यासारखी लबाडी नसते. स्वित्झर्लंडमधले अभ्यासक जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांकडे नीट पाहिलं, त्यांना प्रश्न विचारले आणि १९३२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की अगदी लहान मुलं एकत्र बसलेली असली तरी प्रत्येक जण आपापला खेळ खेळत असतो. सगळेच एकदम जिंकले, असंही ती आनंदाने सांगतात. सगळ्यांनी मिळून एकच नियम पाळायचा, ही समज साधारण सातव्या-आठव्या वर्षाकडे येऊ लागते. म्हणजे आमच्या घरी मुलगी नियमाने खेळत होती आणि मुलगा शंभरावर पोचायचं खेळत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबरच होती.

मग लहानांशी खेळूच नये का? उलट, जरूर खेळावं, पण खेळ त्यांच्या मापाचा करावा. शंभर घरं त्यांना फार होतात. आम्ही वीस घरांचा पट केला. सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर कोळशाने रेघा ओढल्या, दोन साप आणि दोन शिड्या काढल्या. साप मुलालाच काढायला लावले. आपण काढलेल्या सापाने गिळलं तर राग जरा कमी येतो, हा माझा अनुभव.

पैसे घालून काही आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं. त्यांनी महागडी साधनं बाजूला ठेवली आणि शिंपले, खडे, बिया, पानं यांवरच मुलांना शिकवलं. आपल्या चिंचेखाली तर चिंचोक्यांचा सडा असतो. चार चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करायचे आणि फेकायचे. जितके पांढरे वर, तितकी घरं पुढे. सगळे काळे पडले तर आठ. चार चिंचोके सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोन पांढरे येतात, आठ मात्र एकाच तऱ्हेत. म्हणून आठ पडले की पोरं घर डोक्यावर घेतात. मोजणी आपोआप होते, पाटी काढावी लागत नाही.

एक मात्र सांभाळा. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर चिंचोके, कवड्या, खडे त्याच्या हाती लागू देऊ नका. नाकात-कानात घालतात, घशात अडकला तर जिवावर बेततं. खेळ संपला की चिंचोके मोजून डब्यात ठेवा.

मुद्दाम हरून त्यांना जिंकवावं का, असं आमच्या गटातल्या एकीने विचारलं. माझ्या मते गरज नाही. सापशिडीत अक्कल लागतच नाही, आजी आणि नातू यांचं नशीब सारखंच. मोठ्यांनी हरावं कसं हे दाखवलं तर पुरे, आणि ते सासूबाईंना छान जमतं. सापाने गिळलं की त्या "गेले गं बाई!" म्हणत सोंगटी एकेका घरातून घसरवत शेपटीपर्यंत नेतात आणि पोट धरून हसतात. कोपऱ्यातला मुलगा हे बघत राहिला. आधी तो फक्त आजीची सोंगटी खाली न्यायला आला. मग आजीसाठी चिंचोके फेकू लागला. स्वतःची सोंगटी मांडायला त्याला महिना लागला.

उन्हाळ्यात त्याचे वडील गुजरातेतून ऊसतोडीवरून परतले. मुलाने गोणी अंथरली. साप चुकवायला वडिलांनी हळूच एक घर जास्त सरकवलं. मुलाने त्यांचं बोट धरून सोंगटी मागे आणली आणि म्हणाला, "खाली जा. आजीपण जाते."